सभागृह हुर्यो उडवतं तेव्हा मतदार काय करतो?

१३ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल शहरात अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे रिपब्लिकन पक्षाचे सहा इच्छुक डिबेटसाठी मंचावर उभे होते. त्यातले डोनाल्ड ट्रम्प म्हणाले, इराक युद्ध ही उघडउघड मोठी घोडचूक होती. एवढ्यावर न थांबता, सामूहिक संहाराची शस्त्रं इराककडे आहेत असं सांगणारे खोटं बोलले, असंही त्यांनी जोडलं. शेजारी जेब बुश उभे होते. ज्या अध्यक्षाच्या काळात ते युद्ध सुरू झालं, त्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे ते सख्खे भाऊ. माझ्या भावाने देश सुरक्षित ठेवला, असं ते म्हणताच ट्रम्प यांनी सुनावलं की वर्ल्ड ट्रेड सेंटर तुमच्या भावाच्याच राजवटीत कोसळलं, ते विसरू नका.

सभागृहाने ट्रम्प यांची हुर्यो उडवली, आणि तीही पुन्हा पुन्हा. दुसरे इच्छुक मार्को रुबिओ यांनी ११ सप्टेंबरच्या त्या हल्ल्याच्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये डेमोक्रॅट अल गोर नव्हे तर बुश होते याबद्दल देवाचे आभार मानले, तेव्हा टाळ्या पडल्या. घरी टीव्हीसमोर बसलेल्या कोणालाही वाटलं असतं की या माणसाचा या राज्यात तरी निकाल लागला. बरोबर एका आठवड्याने, २० फेब्रुवारीला, राज्यात मतदान झालं. ट्रम्प ३२.५ टक्के मतं घेऊन पहिले आले आणि राज्याचे सगळे ५० डेलिगेट, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, त्यांना मिळाले. जेब बुश आठ टक्क्यांच्याही आत राहिले आणि त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले.

हुर्यो उडवली म्हणून ट्रम्प जिंकले, असं मी म्हणत नाही. त्यांच्या विजयाला दहा कारणं होती. पण परराष्ट्र धोरणावरची डिबेट चालू असताना प्रेक्षक जो प्रतिसाद देतात, तो नेमका कशाचा पुरावा मानायचा, हा प्रश्न त्या रात्रीने जितका ठसठशीत मांडला तितका क्वचितच कोणी मांडला असेल. म्हणून सुरुवात तिथून.

आधी ‘प्रायमरी’ म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे तिकीट कोणाला मिळणार हे दिल्लीत नाहीतर पक्षप्रमुखाच्या बंगल्यावर ठरतं. यादी लागते आणि ज्याचं नाव नाही तो बंडखोरीची भाषा करतो. अमेरिकेत तिकीट मतदार देतात. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी काही महिने एकेका राज्यात पक्षाच्या इच्छुकांमध्ये मतदान होतं, त्यातून प्रत्येकाच्या वाट्याला डेलिगेट येतात आणि ज्याच्याकडे बहुमत तो पक्षाचा उमेदवार. दक्षिण कॅरोलायनाचा नंबर अगदी सुरुवातीला लागतो, त्यामुळे देशभराचं लक्ष तिकडे असतं.

प्रायमरीच्या मंचावरचे सगळे एकाच पक्षाचे असतात, हे लक्षात ठेवायला हवं. करकपात, गर्भपात, बंदुका यांवर त्यांच्यात फारसं अंतर नसतं. असलं तरी ते बारीक. परराष्ट्र धोरणावर मात्र एकाच पक्षात दोन टोकं सापडतात. जगभर सैन्य पाठवा म्हणणारे आणि सगळे परत बोलवा म्हणणारे एकाच झेंड्याखाली उभे असतात. शिवाय अमेरिकेच्या अध्यक्षाला घरच्या कायद्यांसाठी संसदेच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात, पण परदेशात काय करायचं याबाबत त्याचा हात बराच मोकळा असतो. म्हणजे या विषयावर उमेदवार जे बोलतो ते प्रत्यक्षात येण्याची शक्यता अधिक. आणि नेमका याच विषयावर प्रेक्षकाचा प्रतिसाद सर्वांत कमी भरवशाचा असतो. तो कसा, ते पुढे येईलच.

पहिला प्रतिसाद सभागृहाचा. हे प्रेक्षक रस्त्यावरून आत आलेले नसतात. प्रवेशपत्रिका पक्षाच्या समित्या, प्रायोजक आणि उमेदवारांच्या प्रचारयंत्रणा वाटतात. ग्रीनव्हिलमध्ये हुर्यो सुरू झाली तेव्हा ट्रम्प मंचावरूनच म्हणाले होते की हे जेबचे देणगीदार आणि लॉबीवाले बोलताहेत. त्यात अतिशयोक्ती असेल, पण सभागृहात पक्षाचे जुने-जाणते कार्यकर्ते जास्त होते, हे मानायला हरकत नाही. मतदानाच्या दिवशी रांगेत उभा राहणारा माणूस निराळा असतो. दक्षिण कॅरोलायनात तर मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच होत नाही. दोनपैकी कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत कोणीही मत देऊ शकतं.

या राज्याची आणखी एक गोष्ट. इथे फोर्ट जॅक्सन आहे, मरीन दलात भरती झालेल्यांना घडवणारं पॅरिस आयलंड आहे, शॉ आणि चार्ल्सटन हे हवाई तळ आहेत. घरात कोणी ना कोणी फौजेत असलेली कुटुंबं भरपूर. म्हणून युद्धावर टीका करणाऱ्याला इथे मार खावा लागतो, असा जाणकारांचा ठोकताळा होता, आणि सभागृहांनी तो वेळोवेळी खरा ठरवला.

मे २००७ मध्ये याच राज्याची राजधानी कोलंबिया इथे रिपब्लिकन डिबेटमध्ये रॉन पॉल हे इच्छुक म्हणाले होते, ‘आपण तिकडे गेलो म्हणून त्यांनी आपल्यावर हल्ला केला, दहा वर्षं आपण इराकवर बॉम्ब टाकत होतो.’ न्यूयॉर्कचे माजी महापौर आणि दुसरे इच्छुक रुडी जुलियानी यांनी मधेच तोंड घातलं. मी ११ सप्टेंबरचा हल्ला अनुभवलाय, असलं कारण मी कधी ऐकलं नाही, पॉल यांनी शब्द मागे घ्यावेत, असं ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पॉल हटले नाहीत. आठ महिन्यांनी या राज्यात मतदान झालं तेव्हा पॉल यांना चार टक्क्यांच्या आसपास आणि जुलियानींना दोन टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. जुलियानींनी सगळा जोर फ्लोरिडावर लावला होता, इथे ते फारसे फिरकलेच नव्हते, हे सांगितलंच पाहिजे. तरीही त्या रात्री सर्वांत मोठ्या टाळ्या घेणारा माणूस, ज्याला गप्प केलं त्याच्याही मागे राहिला.

जानेवारी २०१२, मर्टल बीच. पुन्हा रॉन पॉल. इतरांनी आपल्याशी जसं वागू नये असं वाटतं तसं आपणही इतर देशांशी वागू नये, हा ख्रिस्ती शिकवणीतला सुवर्णनियम परराष्ट्र धोरणाला लावून बघू, असं ते म्हणाले आणि सभागृहातून हुर्यो उठली. रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्यांच्या राज्यात! त्याच रात्री दुसरे इच्छुक न्यूट गिंग्रिच यांनी जुन्या काळातले अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचा दाखला देत शत्रूंचं काय करायचं हे दोन शब्दांत सांगितलं, ‘ठार मारा’, आणि सभागृह दणाणलं. पाच दिवसांनी गिंग्रिच ४० टक्के मतांनी राज्य जिंकले. म्हणजे सभागृहाचा कौल कधीकधी खराही ठरतो. पेच इथेच आहे. तो खरा ठरणार की खोटा, हे ऐकताना कळायला मार्ग नसतो.

टीव्हीवाल्यांनाही हे ठाऊक आहे, म्हणून त्यांनी मोजमापाची दुसरी रीत आणली. पन्नास-साठ मतदार एका खोलीत बसवायचे, प्रत्येकाच्या हातात एक छोटं यंत्र द्यायचं. बोलणं पटलं की चकती वर फिरवायची, नाही पटलं की खाली. सगळ्यांची सरासरी क्षणाक्षणाला काढली की पडद्यावर एक रेषा वर-खाली हलताना दिसते. हे काही नवं नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॉल लाझार्सफेल्ड आणि फ्रँक स्टँटन यांनी रेडिओच्या कार्यक्रमांसाठी असं यंत्र बनवलं होतं. त्यात आवडलं तर हिरवं बटण आणि नावडलं तर लाल. ऑस्ट्रेलियात १९९३ च्या निवडणुकीतल्या डिबेटमध्ये या रेषेला ‘वर्म’, म्हणजे अळी, असं नाव पडलं आणि ते जगभर गेलं. २००८ मध्ये सीएनएनने ओहायोतल्या काठावरच्या मतदारांची रेषा थेट प्रक्षेपणातच दाखवली, स्त्रियांची वेगळी, पुरुषांची वेगळी.

रेषा बघायला मजा येते, हे मी नाकारत नाही. पण ती बघणाऱ्यावर काय करते? २०१० मध्ये ब्रिटनमध्ये कॉलिन डेव्हिस, जेफ्री बोवर्स आणि अमिना मेमन या संशोधकांनी १५० जणांना पंतप्रधानपदाच्या उमेदवारांची डिबेट दाखवली. पडद्यावर रेषा हलत होती, पण ती संशोधकांनीच हलवलेली होती. एका गटासाठी ती गॉर्डन ब्राउन यांच्या बाजूने झुकवली, दुसऱ्यासाठी निक क्लेग यांच्या. डिबेट कोण जिंकलं याविषयीचं मत रेषेबरोबर हललं. पंतप्रधान म्हणून कोण हवा, या उत्तरावरही परिणाम झाला. ऐकलेलं बोलणं तेच होतं.

अमेरिकेतला याहून जुना दाखला तर परराष्ट्र धोरणावरच्याच डिबेटचा आहे, फक्त तो प्रायमरीतला नाही. ऑक्टोबर १९८४, कॅन्सस सिटी. रोनाल्ड रेगन तेव्हा ७३ वर्षांचे होते. संकटाच्या वेळी वय आड येईल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. सभागृह खदखदून हसलं, समोरचे वॉल्टर मॉन्डेलही हसले. पुढे स्टीव्हन फाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फीत प्रयोगासाठी वापरली. काहींना मूळ फीत दाखवली, काहींना तोच विनोद ठेवून सभागृहाचा प्रतिसाद कापलेली. प्रतिसाद कापलेली फीत पाहणाऱ्यांना रेगन बरेच फिके वाटले. विनोद लोकांना विनोद वाटला, कारण शेजारी कोणीतरी हसलं.

आता हाच परिणाम परराष्ट्र धोरणात जास्त का होतो ते बघू. पेट्रोलचा भाव, दवाखान्याचं बिल, मुलाची फी या विषयांवर उमेदवार थापा मारत असेल तर बघणाऱ्याला स्वतःच्या खिशावरून कळतं. सीरियावर विमानबंदी लागू करावी की नाही, हे कुठल्या खिशावरून कळणार? ती लागू करायची तर आधी समोरच्याची हवाई संरक्षण यंत्रणा उडवावी लागते, म्हणजे ती युद्धाची पहिली पायरी असते, एवढं मंचावर क्वचितच कोणी समजावतं. मग बघणारा दुसऱ्या खुणा धरतो. आवाज ठाम आहे का, नावं अडखळत तर नाहीत ना, बाकीचे टाळ्या वाजवताहेत का. आणि उत्तराला वेळ किती, तर मिनिटभर, फार तर दीड मिनिट. त्यात ‘ठार मारा’ बसतं. ‘परिस्थिती गुंतागुंतीची आहे’ बसत नाही.

याचा नमुना म्हणून २२ नोव्हेंबर २०११ ची डिबेट घ्या. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउसपासून जवळच असलेल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये आठ रिपब्लिकन इच्छुक, आणि विषय फक्त राष्ट्रीय सुरक्षा. प्रश्न विचारणाऱ्यांत पॉल वुल्फोवित्झ होते, इराक युद्धाच्या आखणीतलं मोठं नाव. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे इकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. चहाचा कप हातात घेऊन हे बघणारे मराठी लोक आहेत, आणि न्यू जर्सीत किंवा बे एरियात बसून, मताचा अधिकार नसतानाही, जीव मुठीत धरून बघणारे तर पुष्कळच.

आपला कान अर्थातच पाकिस्तानवर टवकारला. ओसामा बिन लादेन अबोटाबादमध्ये सापडून सहा-सात महिने झाले होते. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी म्हणाले, अमेरिकेचं हित सांभाळतो हे सिद्ध करेपर्यंत पाकिस्तानला एक पैसाही नाही. मिशेल बाकमन यांनी त्यांना भाबडं ठरवलं: पाकिस्तानकडे अण्वस्त्रं आहेत, तो कोसळणं जगाला परवडणारं नाही, पैसा देतो म्हणून तर आत काय चाललंय ते कळतं. आपल्याला पेरींचं वाक्य गोड वाटतं, साहजिकच आहे. पण त्या दोन मिनिटांत पैसे थांबवल्याने नेमकं काय घडेल याचा विचार बाकमन करत होत्या. त्या बाईंच्या बाकीच्या बऱ्याच मतांशी माझं जमत नाही, तरी हे श्रेय त्यांचं.

अफगाणिस्तानवर तर खरी वैचारिक चकमक झाली. मिट रॉम्नी म्हणाले, सैन्य किती ठेवायचं हे सेनापतींचं ऐकून ठरवीन. चीनमध्ये राजदूत राहिलेले जॉन हंट्समन उत्तरले की सरसेनापती अध्यक्ष असतो, आणि १९६७ मध्येही अध्यक्षांनी सेनापतींचं ऐकलं होतं. संदर्भ व्हिएतनामचा. माझ्या मते त्या रात्रीतलं सर्वांत वजनदार वाक्य ते. गाजलं काय? तर सूत्रसंचालक वुल्फ ब्लिट्झर यांना हर्मन केन ‘ब्लिट्झ’ म्हणाले ते, आणि मिट हे माझं खरंच पहिलं नाव, असं रॉम्नी म्हणाले तेही. त्यांचं पहिलं नाव विलर्ड आहे, हे शोधून काढायला लोकांना फार वेळ लागला नाही. ही प्रतिसादाची तिसरी रीत, हातातल्या फोनची. फोनवर जे एका ओळीत मावतं आणि ज्यावर हसता येतं तेच धावतं. सेनापतींविषयीचं वाक्य कळायला १९६७ माहीत असावं लागतं.

त्याच रात्री रॉम्नी म्हणाले होते की गणित किंवा विज्ञानात उच्च पदवी घेणाऱ्याच्या पदवीलाच मी ग्रीन कार्ड टाचून देईन. ग्रीन कार्डाच्या रांगेत ताटकळणाऱ्या घरांमध्ये ते वाक्य कसं ऐकलं गेलं असेल, हे सांगायला नको. पण बेकायदा स्थलांतरितांविषयी गिंग्रिच जे बोलले त्याने पुढचे अनेक दिवस खाल्ले. पंचवीस वर्षं इथे राहिलेल्या, पोरंबाळं असलेल्या माणसाला घरातून उचलून हाकलायचं का, जरा माणुसकी दाखवू, असं ते म्हणाले. बेकायदा आलेल्यांना ही माफीच झाली, असं प्रतिस्पर्ध्यांनी लगेच म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रचारात तोच शब्द फिरत राहिला.

हा ‘दुसरा दिवस’ फार महत्त्वाचा. ऑक्टोबर १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अध्यक्ष जेराल्ड फोर्ड बोलून गेले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. पोलंडमध्ये, हंगेरीत सोव्हिएत फौजा बसलेल्या असताना! न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकेल यांचा विश्वास बसेना, त्यांनी पुन्हा विचारलं, फोर्ड ठाम राहिले. आणि बघणारे? त्यांना तेव्हा त्यात काही खटकलंच नाही. डिबेट संपल्यावर लगेच विचारलेल्यांमध्ये फोर्ड यांचं पारडं जड होतं. रात्रभर बातम्यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा दाखवलं, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बहुतेक लोक म्हणू लागले की जिमी कार्टर जिंकले. लोकांना भूगोल रातोरात कळला, असं नव्हे. यात चूक आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं.

उलटंही घडतं. जुलै २००७ मध्ये चार्ल्सटनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या डिबेटला एका नागरिकाने चित्रफितीतून विचारलं, इराण, सीरिया, व्हेनेझुएला, क्युबा आणि उत्तर कोरियाच्या नेत्यांना पहिल्याच वर्षी कोणतीही पूर्वअट न घालता भेटाल का? बराक ओबामा म्हणाले, भेटेन. हिलरी क्लिंटन यांनी असं वचन द्यायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी ओबामांचं उत्तर बेजबाबदार आणि भाबडं असल्याचं म्हटलं. कित्येक विश्लेषकांनी फेरी क्लिंटन यांना देऊन टाकली. ओबामांनी मात्र ते उत्तर गिळलं नाही. बुश यांच्या अबोला धरण्याच्या धोरणाहून मी वेगळा आहे, क्लिंटन नाहीत, असा प्रचार त्यांनी त्याच उत्तरावर उभा केला आणि इराक युद्धाला कंटाळलेल्या त्यांच्या पक्षाला तो पटला.

अगदी अलीकडचं पाहायचं तर ऑगस्ट २०२३, मिलवॉकी. युक्रेनला मदत वाढवण्याच्या विरोधात बोलणाऱ्या विवेक रामस्वामी यांना निकी हेली यांनी सुनावलं, तुम्हाला परराष्ट्र धोरणाचा अनुभव नाही आणि ते दिसतंय. सभागृह हेलींच्या बाजूने उसळलं. दोघंही भारतीय वंशाचे, म्हणून आपल्याकडच्या बातम्यांनी ती फीत दिवसभर चालवली. ट्रम्प त्या मंचावर आलेच नाहीत, पुढच्या एकाही प्रायमरी डिबेटला आले नाहीत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, हेली जिथे गव्हर्नर होत्या त्याच दक्षिण कॅरोलायनात त्यांना साधारण ६० विरुद्ध ४० ने हरवून गेले.

सभागृहच रिकामं केलं तर? तेही करून झालंय, नाइलाजाने. १५ मार्च २०२० ला कोरोनामुळे जो बायडेन आणि बर्नी सँडर्स यांची डिबेट अ‍ॅरिझोनातून हलवून वॉशिंग्टनमधल्या स्टुडिओत प्रेक्षकांविना घेतली. दोघंच होते आणि वेळ भरपूर होता. सँडर्स यांनी बायडेन यांना इराक युद्धाच्या बाजूने दिलेल्या मताबद्दल धारेवर धरलं, बायडेन यांनी सँडर्स यांना क्युबाबद्दलच्या त्यांच्या जुन्या कौतुकावरून घेरलं. टाळी नाही, हुर्यो नाही, दोघंही बऱ्यापैकी मुद्द्यावर बोलले. दुसऱ्या दिवशी मथळे आले ते बायडेन यांनी उपाध्यक्षपदासाठी स्त्री निवडण्याचं वचन दिल्याचे.